खिडक्या होत्या, वाट नव्हती: एका कोंदट घराचं प्रकरण

मी घरांच्या आतल्या हवेची तपासणी करते. लोक बोलावतात ते बहुतेक वेळा भिंतीवरच्या डागांसाठी किंवा न जाणाऱ्या वासासाठी. हवेसाठी म्हणून कोणी बोलावत नाही, कारण ती दिसत नाही. या घरातही डागांसाठीच बोलावणं आलं होतं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मोजमापं आणि घडामोडींचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. त्यात माझी एक चूकही आहे, तीही ठेवली आहे.

पार्श्वभूमी

तिसऱ्या मजल्यावरचं, दोन झोपायच्या खोल्यांचं घर. राहणारी माणसं चार: सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हे घर विकत घेतलं, तेव्हा आधीच्या मालकांनी ते नुकतंच नव्यासारखं करून घेतलं होतं.

रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. हॉल आणि आजी-नातीची खोली पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला. मुलगा-सुनेची खोली नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, त्यामुळे तिला दोन भिंतींवर खिडक्या. स्वयंपाकघर पूर्वेला आणि त्याला लागून धुण्याभांड्यांची छोटी बाल्कनी. न्हाणीघराची खिडकी इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये उघडणारी. मधून बोळ. आजींच्या खोलीच्या दारात उभं राहिलं की समोर स्वयंपाकघर, त्यापलीकडे बाल्कनी. नकाशा काढणाऱ्याने ही सरळ रेष मुद्दाम ठेवली असणार. पश्चिमेचा वारा खोलीतून, दारावरच्या झडपेतून, बोळ ओलांडून स्वयंपाकघरातून बाहेर पडावा अशी ती योजना होती.

नूतनीकरणात तिचे तीन तुकडे झाले. फॉल्स सीलिंगच्या रेषेला आड येतात म्हणून दारांवरच्या झडपा प्लायवूडने बंद झाल्या. बिजागरीच्या खिडक्या काढून स्लायडिंग बसवल्या. धुण्याची बाल्कनी धूळ आणि पाऊस नको म्हणून काचेने बंदिस्त झाली. तिन्ही बदल एकेकटे पाहिले तर समजण्यासारखे आहेत. मी कोणालाच दोष देत नाही. पण या तिन्ही बदलांनी मिळून घराचं नाक बंद केलं.

अडचण काय होती

आजींच्या खोलीत कुबट वास. बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटामागे काळी बुरशी. कपाटातल्या लोकरी कपड्यांना आणि चामड्याच्या पट्ट्यांना पांढरट थर. नात सकाळी डोकं जड झालंय म्हणत उठायची आणि आजींना रात्री खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, औषध चालू होतं. त्यांनीच ‘खोलीत ओल आहे का’ असं विचारल्यावर गाडी माझ्यापर्यंत आली.

तोवर घरच्यांनी बरेच उपाय केले होते. बुरशीरोधक रंग दोनदा लावला होता, दोन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात डाग परत आले. हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं होतं. उकाड्याच्या महिन्यांत खोलीतला एसी रात्रभर चालायचा आणि पावसाळ्यात ‘बाहेरची ओल आत नको’ म्हणून खिडकी घट्ट लावून पंखा चालायचा.

पहिल्या भेटीत सूनबाई म्हणाल्या, “ताई, दिवसभर हॉलच्या खिडक्या उघड्या असतात हो. हवा नाही असं नाही.”

त्यांचं म्हणणं खरंच होतं, खिडक्या उघड्या होत्या. पण हवा आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. एकाच बाजूला तोंड असलेली खोली बाटलीसारखी असते. तोंडाशी फुंकर घातली तरी तळाची हवा जागची हलत नाही. साधा ठोकताळा असा, की एकाच भिंतीवर खिडकी असेल तर ताजी हवा छताच्या उंचीच्या दोन-अडीच पट अंतरापर्यंतच नीट पोहोचते. समोरासमोर वाट असेल तर तेच अंतर पाच पटीपर्यंत जातं. हॉलची खिडकी कितीही उघडी ठेवली, तरी आजींच्या बंद दाराआड तिचा काहीच उपयोग नव्हता.

आधी मोजलं

पहिला निर्णय हाच होता: काही विकत घ्यायचं नाही, काही फोडायचं नाही, आठवडाभर फक्त मोजायचं. घरच्यांना हे पटायला वेळ लागला. डाग समोर दिसत असताना नुसतं बघत बसणं कोणालाच आवडत नाही.

पहिला प्रश्न होता की हे पाणी भिंतीतून झिरपतंय की हवेतून येतंय. दोन्हीला उपाय अगदी वेगळे. भिंतीवर हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी घट्ट चिकटवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. कागदाच्या मागे पाणी जमलं तर झिरप, खोलीच्या बाजूने जमलं तर हवेतली वाफ तिथे थंड होऊन साचते आहे असं समजायचं. इथे दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या. झिरप नाही हे नक्की झालं. पण बुरशीला भिंतीवरून पाणी ओघळायची गरजच नसते. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिली तरी तिचं भागतं. कपाटामागे आर्द्रतामापक सोडला, तर पावसाळी पहाटे आकडा ८८ टक्के. खोलीच्या मध्यावर ८२. त्याच पहाटे, त्याच घरात, कोपऱ्यातल्या खोलीत ७०.

हा फरक सगळ्यात बोलका होता. एकच इमारत, एकच पाऊस, भिंतीची जाडी तीच, रंगही तोच. फरक एवढाच, की त्या खोलीला दोन दिशांना खिडक्या होत्या आणि मुलगा-सून रात्री दोन्ही थोड्या उघड्या ठेवत.

दुसरं मोजमाप कार्बन डायऑक्साइडचं. तो इथे विष म्हणून मोजत नाही, उष्ट्या हवेची खूण म्हणून मोजतो. माणसाच्या श्वासातून तो सतत बाहेर पडतो, म्हणून त्याच्या पातळीवरून कळतं की खोलीतली हवा किती वेळा बदलते आहे. ही कल्पना जुनी आहे. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतल्या हवेसाठी दहा लाखांत १,००० भाग ही मर्यादा सुचवली आणि आजही बरेच जण तोच आकडा धरून चालतात. बाहेरच्या हवेत सध्या हे प्रमाण साधारण ४२० च्या आसपास असतं. आजींच्या खोलीत रात्री दहाला ६०० होतं, पहाटे सहाला २,४५०.

या आकड्यावरून हिशेब मांडता येतो. खोली ३.३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.८ मीटर उंच, म्हणजे जेमतेम २८ घनमीटर हवा. दोन माणसं झोपलेली. हवा ताशी ०.४ पट बदलत असेल तरच पहाटे हा आकडा दिसतो. म्हणजे खोलीतली हवा एकदा बदलायला अडीच तास. जपानमध्ये नव्या घरांतल्या सामानातून आणि रंगातून निघणाऱ्या वायूंमुळे लोक आजारी पडू लागल्यावर तिथे २००३ पासून नव्या घरांना ताशी किमान ०.५ पट हवा बदलणारी यंत्रणा कायद्यानेच बंधनकारक झाली. आपली ही खोली त्या किमान पातळीच्याही खाली होती, आणि तीत नवं प्लायवूडचं कपाट होतं.

खात्री करायला उलटी चाचणी घेतली. सकाळी माणसं बाहेर पडल्यावर खोली बंद ठेवून यंत्राला वाचत राहू दिलं. बाहेरच्यापेक्षा जास्त असलेला भाग निम्मा व्हायला पावणेदोन तास लागले. यातूनही तोच ०.४ चा वेग निघतो.

मग वाफेचा हिशेब. शांत झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघांचं आठ तासांचं मिळून अर्ध्या लिटरहून जास्त. २६ अंश तापमानाला या खोलीतली सगळी हवा मिळून, अगदी काठोकाठ भरली तरी, सुमारे ६८० ग्रॅम वाफच धरू शकते, आणि त्यातला मोठा भाग आधीच भरलेला असतो. उरलेलं पाणी जाणार कुठे? गादीत, उशीत, कपाटातल्या कपड्यांत आणि भिंतीत. रंग दोनदा लावूनही डाग का आले ते घरच्यांना या आकड्यांनी पटलं, माझ्या बोलण्याने नाही.

कोणते मार्ग समोर होते

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून आम्ही एकेक पर्याय घेतला. घरच्यांच्या मनात प्रत्येकाबद्दल आधीच एक मत होतं.

हवा शुद्ध करणारं यंत्र घरात होतंच. ते धूळ आणि बारीक कण चांगले पकडतं, त्यात शंका नाही. पण वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या जाळीतून सहज निघून जातात. एसीबद्दल घरात ठाम समज होता की तो बाहेरची ताजी हवा आत आणतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी तसं करत नाही. तो खोलीतलीच हवा आत ओढून, थंड करून परत सोडतो. बाहेरच्या भागापर्यंत जाणाऱ्या नळ्यांतून शीतक फिरतं, हवा नाही. हे ऐकून मुलगा बराच वेळ गप्प बसला. ताजी हवा म्हणूनच तर तो रोज रात्री आईच्या खोलीचं दार-खिडकी घट्ट लावून एसी चालू करत होता.

ओल शोषणाऱ्या यंत्राचा विचार गंभीरपणे झाला. त्याने बुरशी नक्की आटोक्यात आली असती. पण उष्टी हवा उष्टीच राहिली असती, रोज टाकी रिकामी करावी लागली असती आणि आवाजही झाला असता. ते आम्ही राखीव ठेवलं.

फिल्टर लावून बाहेरची हवा मोजून-मापून आत आणणारी यंत्रणा हा सर्वात भरवशाचा मार्ग. रस्त्यावरची वर्दळ पाहता तो मला मोहवत होता. पण त्यासाठी फॉल्स सीलिंग उघडून नळ्या न्याव्या लागल्या असत्या आणि खर्चही बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त होता.

राहिला शेवटचा मार्ग, जुनी वाट परत मोकळी करायची. आजींना हा पहिल्या क्षणापासून पटला. लग्न होऊन आल्या त्या घरात प्रत्येक दारावर झडप होती आणि तिची दोरी ओढायचं काम मुलांकडे असायचं, असं त्या सांगत होत्या. त्या झडपा शोभेसाठी नव्हत्या. गरम हवा वर चढते आणि वरून बाहेर पडायला जागा मिळाली की खाली तिच्या जागी गार हवा ओढली जाते. वारा पडलेला असला तरी हे चालू राहतं. वरच्या आणि खालच्या उघड्या जागांमधलं अंतर चौपट केलं तर प्रवाह दुप्पट होतो, म्हणून उंच छत आणि वरचा झरोका यांना एवढं महत्त्व. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खिडक्या-दारं उघडल्यावर उंच छताच्या जुन्या खोल्यांत हवा ताशी ४० वेळा बदलताना दिसली, नव्या पद्धतीच्या खोल्यांत १७ वेळा. क्षयासारखे हवेतून पसरणारे आजार रोखायला हा फरक फार मोलाचा आहे. शाळेतून सर्दी-ताप घेऊन येणारी नात आणि सत्तरीतल्या आजी जिथे एका खोलीत झोपतात, तिथेही हाच विचार लागू पडतो.

विरोधातले मुद्देही खरे होते: रस्त्याचा आवाज, धूळ, डास, पावसाचे फटकारे, आणि आजींची वारं लागण्याची भीती. धुळीचं मी वेगळं मोजमाप केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार २.५ मायक्रॉनहून बारीक कणांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी. खिडकीबाहेरचा आकडा सकाळ-संध्याकाळच्या वर्दळीत याच्या कितीतरी वर जायचा आणि रात्री अकरानंतर बराच खाली यायचा. म्हणजे खिडकी उघडावी की नाही या प्रश्नाचं उत्तर ‘केव्हा’ यात दडलेलं होतं.

बाहेरची ओल, आतली ओल

इथे जरा थांबते, कारण घरातला सगळ्यात मोठा वाद यावरच झाला. पावसात बाहेरची आर्द्रता ९५ टक्के आणि आतली ८२, मग खिडकी उघडून ओल वाढणार नाही का? मुलाचा प्रश्न अगदी बिनतोड वाटत होता.

पण टक्के हे हवेच्या धारणशक्तीचे असतात आणि ती शक्ती तापमानाप्रमाणे बदलते. बाहेर २२ अंशाला ९५ टक्के म्हणजे घनमीटरमागे सुमारे १८ ग्रॅम पाणी. आत २७ अंशाला ८२ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. जी हवा ओलसर वाटत होती तीच प्रत्यक्षात कोरडी होती. ती आत येऊन तापली की आतली ओल पिऊन बाहेर नेणार. मात्र हे नेहमी खरं नसतं. दमट, गरम दुपारी बाहेरच्या हवेत आतल्यापेक्षा जास्त पाणी असू शकतं, आणि खोली एसीने गार केलेली असेल तर त्या वेळी खिडकी उघडणं म्हणजे भिंतींना पाणी पाजणं. म्हणून मी त्यांना दोन आकड्यांवरून ग्रॅम काढायचा छोटा तक्ता करून दिला. नातीने तो खोलीच्या दारावर चिकटवला आणि पुढचे दोन महिने ‘आता उघडायची’, ‘आता लावायची’ हे तीच ठरवत होती.

काय केलं

सुरुवात बिनखर्ची गोष्टींनी झाली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. बुरशी साबणाच्या पाण्याने, तोंडाला मास्क लावून, ओल्या फडक्याने पुसली. कोरड्या ब्रशने खरवडली तर तिचे बीजाणू खोलीभर उडतात, म्हणून ते टाळलं. कपाटाची फुगलेली मागची फळी फेकून दिली. खोलीत वाळत घातलेले कपडे बाहेर गेले. बादलीभर धुतलेल्या कपड्यांतलं लिटर-दोन लिटर पाणी शेवटी हवेतच जातं, आणि पावसाळ्यात ते याच खोलीच्या हवेत जात होतं.

मग तात्पुरता प्रयोग. दारावरचं प्लायवूड चार स्क्रू काढून उतरवलं, बाल्कनीची एक काच सरकवली आणि आजींच्या खोलीची खिडकी वीतभर उघडली. झडपेत टिश्यू पेपरची पट्टी टांगली होती. ती लगेच बोळाच्या दिशेने झुकली आणि तशीच राहिली. बंद दाराच्या खोलीतून घराच्या पलीकडच्या टोकाकडे हवा चालली होती. जास्तीचा भाग निम्मा व्हायला किती वेळ लागतो ती उलटी चाचणी परत घेतली: पावणेदोन तासांऐवजी ९ मिनिटं.

कायमचं काम त्यानंतरच केलं. झडपेच्या जागी तिरप्या पट्ट्यांची चौकट बसवली. बाल्कनीच्या काचेचा वरचा हातभर भाग काढून तिथे तिरप्या पट्ट्यांचे लूव्हर बसवले, म्हणजे पावसातही हवा जात राहील. खिडकीवर सर्वात जास्त चर्चा झाली. स्लायडिंग खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी अर्धीच उघडते. १.४४ चौरस मीटरच्या खिडकीतून प्रत्यक्षात जेमतेम ०.७ मिळत होतं, आणि त्यावर डासांची जाळी. जाळी प्रवाह अडवतेच, धुळीने भरली की आणखी. शेवटी खाली बिजागरीची दोन दारं आणि वर स्वतंत्र उघडणारी आडवी झडप अशी खिडकी केली. वरची झडप रात्रभर उघडी राहू शकते. झुळूक थेट अंगावर येत नाही, बाहेरून हात घालता येत नाही आणि पडदा ओढला तरी ती झाकली जात नाही.

माझी चूक

स्वयंपाकघरासाठी मी एक्झॉस्ट फॅन सुचवला होता. कारण सबळ होतं. शेगडीत एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते, शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड आणि तळणीचा धूर. हे सगळं जागच्या जागी बाहेर काढणंच योग्य. पण मी मोठ्या ताकदीचा पंखा सुचवला आणि त्याला लागणारी हवा येणार कुठून, हे तपासलं नाही.

संध्याकाळी वर्दळीमुळे पश्चिमेच्या खिडक्या बंद असायच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या वेळीच. पंखा सुरू झाला की तो हवा खेचायचा न्हाणीघराच्या खिडकीतून, डक्टमधली. तिसऱ्या दिवशी सूनबाईंचा फोन आला की घरभर सांडपाण्याचा आणि दुसऱ्यांच्या फोडणीचा वास येतोय. न्हाणीघरात गॅसवर पाणी तापवणारं यंत्र असतं तर परिणाम वासावर थांबला नसता. अशा यंत्राचा धूर बाहेर जाण्याऐवजी उलट आत ओढला जातो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. त्याला रंगही नसतो, वासही नसतो. या घरात तसं यंत्र नव्हतं, ते वरच्या घरात होतं आणि डक्ट एकच.

त्याच दिवशी पंखा बंद ठेवायला सांगितला. नंतर लहान पंखा बसवला आणि तो चालू असताना हॉलची खिडकी वीतभर उघडी आणि न्हाणीघराचं दार बंद, हा नियम ठरला. हवा थोडी धुळीची येते, पण त्या अर्ध्या तासाला हॉलमधलं कण पकडणारं यंत्र चालू ठेवतात. पंखा सुचवण्याआधी हवेच्या येण्याची वाट बघायची, हे मी तेव्हापासून तपासणीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

काय झालं

पहिल्या दोन आठवड्यांत कार्बन डायऑक्साइडचा पहाटेचा आकडा २,४५० वरून ७०० ते ७५० वर आला. मग अचानक तो १,८०० दाखवू लागला. मला वाटलं यंत्र बिघडलं. वारा तपासला, जाळी तपासली. शेवटी नातीने सांगितलं की आजी रोज रात्री स्टुलावर चढून झडपेत टॉवेल कोंबतात.

कारण साधं होतं. मुलगा रात्री उशिरापर्यंत बोळातला दिवा लावून काम करायचा आणि झडपेतून उजेड थेट आजींच्या डोळ्यांवर पडायचा. त्यांनी तक्रार केली नव्हती, कारण सगळ्यांनी एवढी खटपट केलेली. सत्तरीच्या बाईने रात्री स्टुलावर चढावं, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मोजमापं सगळी घेतली होती, पण त्या खोलीत झोपणाऱ्या बाईला ‘इथे झोपताना काय वाटतं’ हे कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. पट्ट्यांचा कल उलटा केला, दिव्याची जागा बदलली. दुसऱ्या दिवसापासून आकडा परत ७०० च्या घरात.

पुढच्या पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता पहाटे ७५ च्या आसपास आणि कपाटामागे ७५ ते ७८ टक्के राहिली. कोरडं म्हणावं असं नाही, पण बुरशीच्या रेषेखाली. कुबट वास महिन्याभरात गेला. नातीचं डोकं सकाळी जड होणं थांबलं आणि आजींचा रात्रीचा खोकला बराच कमी झाला. याचं सगळं श्रेय मी झडपेला देणार नाही. औषध चालू होतं, बुरशी पुसली होती, फुगलेली फळी गेली होती, कपडे वाळत घालणं बंद झालं होतं. एका वेळी चार गोष्टी बदलल्यावर कुठल्या एकीचं नाव घेणं प्रामाणिकपणाचं नाही.

एक फायदा आम्ही मोजायचा ठरवलाही नव्हता. उन्हाळ्यात रात्री बाहेरची गार हवा भिंतींवरून वाहू लागल्यामुळे सकाळी खोली आधीपेक्षा थंड मिळू लागली आणि दुपारचा उकाडा उशिरा जाणवू लागला. एसी अजून आहे, पण तो आता अगदी तापलेल्या रात्रींपुरताच लागतो, आणि तेव्हाही पहाटे बंद करून वरची झडप उघडतात.

आज परत हेच घर आलं तर

कपाट पुढे ओढणं पहिल्याच दिवशी सांगेन, मोजमापाच्या आठवड्याची वाट न बघता. कपाट हललं तर आकडे बदलतील या काळजीने मी ते थांबवलं होतं. आर्द्रतामापक दोन मिनिटांत वाचून झाला असता आणि आजींचे आठ दिवस वाचले असते.

खिडकी बदलण्याआधी नुसत्या झडपेवर आणि लूव्हरवर एक पावसाळा काढून बघायला सांगेन. निम्म्याहून जास्त फरक त्या दोन स्वस्त कामांनीच पडला होता, कारण हवेच्या वाटेवरचं सर्वात अरुंद भोक जे असेल तेवढाच प्रवाह वाहतो, आणि इथे अरुंद भोक खिडकी नव्हती, दारावरची बंद झडप होती. नवी खिडकी चांगली झाली, तिचा मला पश्चात्ताप नाही, पण तो खर्च एक वर्ष थांबू शकला असता.

आणि वर्दळीच्या वेळा मोजताना मी सुट्टीचे दिवस वेगळे काढले नाहीत. ते घरच्यांनीच नंतर शोधलं. सुट्टीच्या सकाळी रस्ता शांत असतो, तेव्हा ते सगळ्या खिडक्या, झडपा आणि बाल्कनीच्या काचा एकदम उघडतात, गाद्या उभ्या करतात आणि तासभर घर तसंच ठेवतात. गेल्या खेपेला गेले तेव्हा नेमकी तीच वेळ होती. नातीने टिश्यू पेपरची जुनी पट्टी अजून झडपेला बांधून ठेवली आहे. ती बोळाकडे सरळ आडवी झाली होती.